शनिवार कुठून आला?

(दृश्य: मंत्रालयाचं दार, शुक्रवार संध्याकाळ)

सव्वासहा वाजलेत. मंत्रालयातून बाहेर पडणारी माणसं झपाझप चर्चगेट आणि सीएसएमटीकडे निघाली आहेत. खांद्याला पर्स, हातात रिकाम्या डब्याची पिशवी. २०२० सालापर्यंत यांचं ऑफिस साडेपाचला सुटायचं. बदलापूरला राहणाऱ्या बाईसाठी हा पाऊण तास फार मोठा असतो. तिची ठरलेली लोकल गेलेली असते आणि घरी पोचेपर्यंत पोरं भुकेने कावलेली असतात. पण उद्या शनिवार. उद्या तिला सुट्टी आहे.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याआधी फक्त दुसरा आणि चौथा शनिवार मिळायचा. वीज, पाणी, गाड्यांचं इंधन वाचेल, असं सरकारचं म्हणणं होतं. पण या निर्णयातलं गणित जरा थांबून पाहा.

आधी वर्षाला कामाचे दिवस २८८, रोज सव्वासात तास. एकूण २०८८ तास. नंतर दिवस २६४, रोज आठ तास. एकूण २११२.

दिवस २४ने घटले आणि तास २४ने वाढले!

म्हणजे शनिवार कुणी फुकट दिलेला नाही. कर्मचाऱ्यांनी रोज पाऊण पाऊण तास भरून तो मिळवलाय. शिपायांना तर साडेनऊ ते साडेसहा थांबावं लागतं. पोलीस, सरकारी दवाखाने, शाळा यांच्या वाट्याला तो आलाच नाही. तरीही तो शनिवार हातचा सोडायला कुणी तयार होईल, असं मला वाटत नाही. एका दिवसाचा लोकलचा प्रवास वाचणं म्हणजे काय, हे रोज दारात लटकणाऱ्यालाच कळतं.

ब्रिटनमध्ये २०२२ साली वेगळा प्रयोग झाला. ६१ कंपन्या, सुमारे २९०० कर्मचारी, सहा महिने. पगार तोच ठेवला आणि कामाचे तास खरोखर कमी केले. लांबलचक बैठका आटोपत्या घेतल्या. कंपन्यांचं उत्पन्न घसरलं नाही. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र ५७ टक्क्यांनी उतरलं. प्रयोग संपल्यावरही ५६ कंपन्यांनी तो चालू ठेवला. यातल्या बऱ्याच कंपन्या लहान होत्या आणि आपणहून उतरल्या होत्या, हेही ध्यानात ठेवायला हवं.

(दृश्य: कारखान्याचं फाटक, पाळी सुटताना)

आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. बारा तास भरले की चार दिवसांत आठवडा संपेल, असं सांगितलं जातं. बारा चोक अठ्ठेचाळीस. तास तेवढेच! यंत्रासमोर सलग उभं राहणाऱ्याला बाराव्या तासाला हात कसे चालतात, ते विचारा.

(दृश्य: परळ, बंद गिरणीची चिमणी)

याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यांनी नुसता रविवार मागितला नव्हता. दुपारी अर्धा तास विसावा आणि सूर्यास्ताला काम बंद, हेही त्यासोबतच मागितलं होतं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या गर्दीसमोर दोन कामगार बायाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

सूर्यास्ताचं त्यांनी मान्य केलं नाही.