दहा मिलीलीटरची अँप्युल

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड. औषधांचा ट्रे.)

ट्रेमध्ये शेजारी शेजारी दोन अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या सीलबंद कुप्या, आहेत. दोन्ही दहा मिलीलीटरच्या, आतलं द्रव दोन्हींत पाण्यासारखं. एकीत डिस्टिल्ड वॉटर. दुसरीत पोटॅशियम क्लोराईड, वॉर्डातल्या भाषेत केसीएल. ही दुसरी अँप्युल सिरिंजमध्ये ओढून तशीच शिरेत दिली, तर हृदय काही मिनिटांत बंद पडू शकतं.

आपल्याकडे नेहमी दिसणारी ही अँप्युल १५ टक्क्यांची असते. दर मिलीलीटरला २ मिलीइक्विव्हॅलंट, अख्ख्या अँप्युलमध्ये २०. मिलीइक्विव्हॅलंट हे पोटॅशियम मोजायचं एकक; पुढचे पोटॅशियमचे आकडेही त्यातच. रक्तातलं पोटॅशियम मात्र लीटरमागे साधारण ३.५ ते ५ एवढ्याच पट्ट्यात राहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे जे उपाय सांगितले, त्यांत अशा तीव्र द्रावणांवरचं नियंत्रण आहे. ही अँप्युल शक्यतो वॉर्डात नकोच. ठेवावीच लागली, तर वेगळ्या कुलुपात, ठळक लेबल लावून. डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये तर कधीच नको.

(दृश्य: फोन कानाला लावलेली परिचारिका.)

"सिस्टर, एक केसीएल घाला."

ही ऑर्डर अपुरी आहे. कोणत्या सलाईनमध्ये? किती तासांत? शेवटचा रिपोर्ट कधीचा, आणि रुग्णाला लघवी होते आहे का? मूत्रपिंड काम करत नसेल, तर दिलेलं पोटॅशियम शरीरातच साठत जातं. पोटॅशियम कमी असताना ते डेक्स्ट्रोजमधून देणंही सहसा टाळतात, कारण साखरेमुळे इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम पेशींच्या आत जातं. रक्तातलं आणखी उतरतं. हे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. उत्तर लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, नंतर डॉक्टरांची सही घ्यायची. उत्तर मिळेपर्यंत अँप्युल फोडायची नाही.

(दृश्य: स्टँडवरून उतरवलेली सलाईनची बाटली.)

आता मिसळणं. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. लटकत्या बाटलीत केसीएल टोचलं, तर ते जड असल्याने तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं. चार्टवर "५०० मिलीलीटरमध्ये २०" लिहिलेलं असतं, पण रुग्णाला सुरुवातीलाच जवळजवळ शुद्ध केसीएल जातं. म्हणून रोलर, म्हणजे नळीवरचं वेग कमी-जास्त करणारं चाक, बंद करायचा, बाटली खाली घ्यायची, केसीएल घालायचं आणि निदान दहा वेळा ती उलटसुलट करायची. मग लेबल: रुग्णाचं नाव, औषध, मात्रा, वेळ, सही.

हातातल्या शिरेतून देताना ५०० मिलीलीटरमध्ये २० ही साधारण वरची मर्यादा. वेग, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर नसेल तर, तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या पुढे नाही. हीच बाटली चार तासांत द्यायची, तर तासाला १२५ मिलीलीटर. मिलीलीटरला २० थेंब सोडणाऱ्या सलाईनच्या सेटने मिनिटाला ४२ थेंब, १५ थेंबांच्या सेटने ३१. सेट कोणता आहे ते पाकिटावर वाचायचं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचं. नातेवाइकांनाही आधीच सांगायचं, की लवकर संपावी म्हणून रोलर फिरवू नका.

"सिस्टर, हात जळतोय" असं रुग्ण म्हणाला, की सलाईन थांबवून सुईची जागा बघायची: सूज आहे का, लाली आहे का. "थोडं सहन करा" हे उत्तर चुकीचं आहे.

डबल चेकचंही नीट सांगायला हवं. दुसऱ्या परिचारिकेने ऑर्डर स्वतः वाचायची, हिशेब स्वतः करायचा, रिकामी अँप्युल डोळ्यांनी बघायची. न बघता केलेली सही म्हणजे चार्टवर लिहिलेलं खोटं. रात्री वॉर्डात एकटीच ड्यूटीवर असेल, तर शेजारच्या वॉर्डातून कुणाला बोलवायला दोन मिनिटं लागतात. प्रशासनाने ती सोय करून ठेवायलाच हवी. सगळा भार एकटीवर टाकणं अन्यायाचं आहे.

(दृश्य: ईसीजीचा कागद.)

आणि चूक झालीच तर? सलाईन ताबडतोब बंद, शिरेतली सुई मात्र काढायची नाही, शीर चालू ठेवायची. डॉक्टरांना हाक, मॉनिटर, ईसीजी. ईसीजीच्या आलेखातली टी-लाट उंच, टोकदार दिसते, पुढे त्यातलाच क्यूआरएस हा भाग रुंदावतो. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषध-साधनांची गाडी, हाताशी. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, ते हृदयाला सावरून धरतं. त्याने मिळालेल्या वेळात इन्सुलिन आणि ग्लुकोज चालू होतं.

हे सगळं चूक लगेच सांगितली तरच. रिकामी अँप्युल आणि उरलेली बाटली फेकायची नाही. किती गेलं, किती वाजता थांबवलं, कुणाला कळवलं, हे त्याच पानावर, खाडाखोड न करता लिहायचं. आणि सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, ते मोठ्याने वाचायचं.