वजन लोंबतंच राहू द्या! मलावीत मोडलेली मांडी कशी सांधतात

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत आफ्रिकेतल्या मलावी या देशातल्या वॉर्डाचा फोटो दाखवला होता, ओळीने खाटा आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी दोरीला लोंबणारं वजन. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. "ताई, दोन-दोन महिने माणूस असा झोपवून ठेवायचा? सरळ रॉड का नाही टाकत?" एका दादांनी तर लिहिलंय, "हे उपचार आहेत की शिक्षा?" दादा, तुमचा राग मला समजतो. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात दीड वर्ष काढलंय. आज सगळं सांगते.

आधी प्राथमिक गोष्टी, पटकन. मांडीचं हाड मोडलं की भोवतालचे दणकट स्नायू आखडतात, हाडाची टोकं एकमेकांवर चढतात आणि पाय आखूड होतो. मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकतं. हाडाच्या पोकळीत रॉड घालायची पद्धत जर्मनीत क्युंटशर या सर्जननी 1939 मध्ये सुरू केली. रॉडची सोय नसेल तर ट्रॅक्शन, म्हणजे वजनाने पाय सतत ओढून धरणं: गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या हाडातून आडवी पिन, तिला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला वजन. साधारण शरीराच्या वजनाच्या एक दशांशापासून एक सप्तमांशापर्यंत.

आता मुख्य गोष्ट. वजन हवेत लोंबतं राहिलं पाहिजे. जमिनीला टेकायचं नाही, खाटेच्या दांडीला अडायचं नाही, कुणी उचलून गादीवर ठेवायचं नाही.

इतकं का सांगतेय? आमच्याकडे एक 19 वर्षांचा मुलगा होता. काबाझा चालवायचा, म्हणजे तिकडची मोटारसायकल टॅक्सी. वजन म्हणून पाण्याचा पिवळा कॅन, 7 लिटर. एका सकाळी मी पाय मोजला तर दोन बोटं आखूड! रात्री तो कण्हत होता म्हणून आईने कॅन उचलून गादीवर ठेवला होता. मायेने. तिचा काय दोष? कॅन कशासाठी आहे हे तिला चिचेवामध्ये, म्हणजे तिच्या भाषेत, कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे रुग्णासोबतच्या नातेवाइकाला 'गार्डियन' म्हणतात. स्वयंपाक, आंघोळ, कूस बदलणं, सगळं तोच करतो. त्याला समजावलं नाही तर उपचार अर्धाच.

तेच दुसऱ्या बाजूने बघा. वजन टेकलं की ओढ शून्य. स्नायू मात्र थांबत नाहीत, ते लगेच हाड आत खेचतात. आणि ओढीला उलटी ओढ लागते, नाहीतर आख्खा माणूसच खाटेवर खाली सरकत येतो आणि कॅन फरशीला लागतो. म्हणून खाटेचा पायथा विटांवर उचलायचा. आमच्या पाहणीत सगळ्यात जास्त चुका इथेच निघायच्या: कुणीतरी झाडताना विटा काढायचं आणि परत लावायचं राहून जायचं.

आणि तिसरी बाजू, दुखण्याची. नातेवाइकांना वाटतं वजनामुळे दुखतं. उलट आहे! ओढ असली की हाडाची टोकं स्थिर राहतात आणि कळ कमी होते. वजन उचललं की टोकं एकमेकांवर घासतात. तो मुलगा कॅन गादीवर गेल्यावर जास्तच कण्हायला लागला होता, हे आईनेच नंतर सांगितलं.

त्या दिवशी मी तिचा हात धरून कॅन आणि फरशीच्या मधे सरकवून दाखवला. हात मोकळा गेला पाहिजे, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी गुडघ्यावर बसून हात घालून बघायची. शेजारच्या खाटांचंही बघायला लागली.

इथे एक विषयांतर. तीन-चार जणांनी विचारलंय, आमच्या गावचे हाडवैद्य मांडी बसवतात, चालेल का? नाही. मांडी मोडली असेल तर चोळू नका, ओढू नका, घट्ट पट्ट्या आवळू नका. पाय आहे तसा आधार देऊन बांधा आणि दवाखाना गाठा.

आता रॉडकडे. रॉडच चांगला, यात मला शंका नाही. पण तो हाडात पक्का धरणारे खालचे स्क्रू रॉडच्या भोकात नेमके बसवायला एरवी सी-आर्म लागतो, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र. तिकडे ते नाही, कधी वीजही नाही. त्यावर लुईस झर्कल या अमेरिकन सर्जननी 1999 मध्ये 'साइन' ही संस्था काढली. त्यांचा रॉड भरीव असतो, बाहेरून एक मार्गदर्शक दांडी जोडतात, हाडाला भोक पाडतात आणि बारीक अवजाराने चाचपून रॉडमधली स्क्रूची खाच शोधतात. हाताला लागते ती. गरीब देशांतल्या रुग्णालयांना हे रॉड मोफत मिळतात, सर्जनने प्रत्येक केसचे एक्स-रे पाठवायचे. पण त्यासाठी सर्जन हवा, स्वच्छ थिएटर हवं. मलावीच्या जिल्ह्यांमध्ये हाडांचं काम मुख्यतः क्लिनिकल ऑफिसर सांभाळतात. ते डॉक्टर नव्हेत, पण या कामासाठी खास शिकलेले असतात, आणि त्यांच्या हाताशी पिन, दोरी, कप्पी असते.

म्हणून दादा, ती शिक्षा नाही. पण फुकटही नाही. त्या मुलाला आठ आठवडे लागले. नोव्हेंबर-डिसेंबर, म्हणजे तिकडे मक्याच्या पेरणीचे दिवस. आई वॉर्डात, शेत तसंच पडलेलं. त्याचा पाय सरळ जुळला. पहिल्याच आठवड्यापासून मी त्याच्याकडून गुडघा वाकवून घेत होते, म्हणून गुडघाही अडकला नाही. आईने मात्र त्या वर्षी मका पेरलाच नाही.