नजरेचा मधला डाग: इंजेक्शन आणि थंड लेसर

नमस्कार श्रोतेहो. मोतीबिंदू काढला की दिसतं, हे घरोघरी माहीत आहे. आज बोलायचंय ते डोळ्याच्या आतल्या पडद्याबद्दल, रेटिनाबद्दल. वयोमानाने पडद्याच्या मध्यभागाची, म्हणजे मॅक्युलाची झीज होते. तिच्या ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यांतून पाणी, रक्त झिरपतं. दाराची चौकट वाकडी दिसते, वाचताना मधलंच अक्षर गायब होतं. चष्म्याचा नंबर बदलून हे जात नाही.

मुख्य उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. नव्या रक्तवाहिन्यांना खतपाणी घालणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन ते अडवतं. मग नातेवाईक विचारतात, "सोबत लेसरही मारला तर लवकर बरं होईल ना?" त्याआधी या लेसरची गोष्ट ऐका.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ज्युलिया लेव्ही या रोगप्रतिकारशास्त्राच्या संशोधक. सोनोरा बेटावर त्यांचं सुट्टीतलं घर होतं. तिथल्या झाडोऱ्यात खेळून आलेल्या मुलांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले. विस्तवाजवळ तर कुणी गेलं नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं, हे काम काऊ पार्सलीचं, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या एका रानवनस्पतीचं. नुसता रस लागला तर काही होत नाही. रस लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजते. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवतात, तिथेही असंच होतं. (आणि कुणी सांगितलं म्हणून बावचीचं तेल चोपडून भर दुपारी अंगणात बसू नका. टरटरून फोड येतात.)

लेव्हीबाईंनी त्यातलं मर्म हेरलं: औषध अंगभर फिरलं तरी काम करणार फक्त उजेड पडेल तिथे. १९८१ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कंपनी काढली. आधी रोख कर्करोगावर होता. पण त्यांच्या आईची नजर याच मॅक्युलाच्या आजाराने गेली होती, आणि उजेडाचं हे तंत्र त्यांनी डोळ्याकडे वळवलं. त्यासाठीचं व्हर्टेपोर्फिन हे औषध मात्र त्या झाडाचं नव्हे. ते रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमच्या नात्यातलं रसायन. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली. त्याआधीचा गरम लेसर वाहिनीबरोबर वरचा पडदाही जाळायचा, आणि मध्यभागी मारला तर तिथे कायमचा डाग पडायचा.

आता कृती. उंची आणि वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात आणि दर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम औषध धरतात. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून एकूण ३० मिलिलिटर करायचं. साध्या सलाईनमध्ये नको, त्यात औषध फुटून साका बसतो. शिरेतून १० मिनिटांत द्यायचं. सुरुवातीपासून १५व्या मिनिटाला डोळ्यात लाल लेसर, ८३ सेकंद. हा थंड लेसर स्वतः जाळत नाही, औषधाला जागं करतो आणि ते नको ती वाहिनी बंद करतं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर लगेच थांबवून थंड शेक, आणि ती जागा उजेडापासून झाकायची.

पुढचे पाच दिवस ऊन वर्ज्य. पुन्हा सांगतो, पाच दिवस ऊन नाही. सनस्क्रीनवर भिस्त ठेवू नका. ते अतिनील किरण अडवतं, इथे त्रास दिसणाऱ्या उजेडाचा आहे. मात्र अंधाऱ्या खोलीतही कोंडून घ्यायचं नाही. घरातल्या साध्या उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं.

आता जोडीचं. लेसरने वाहिनी बंद होते, पण त्या धक्क्याने व्हीईजीएफ उसळतं. म्हणून जोडीला इंजेक्शन. तर्क बिनतोड वाटतो, पण नेहमीच्या ओल्या प्रकारात चाचण्यांनी तो उचलून धरला नाही. डेनाली आणि माँ ब्लाँ या दोन्ही चाचण्यांत नुसत्या इंजेक्शनपेक्षा जोडीने नजर जास्त सुधारली नाही. स्टेरॉइड घालून तिहेरी उपचारही झाले. त्यात डोळ्याचा दाब आणि मोतीबिंदू पदरात पडायची भीती.

अपवाद एकच, पण आपल्यासाठी मोठा: वाहिन्यांच्या टोकाला द्राक्षांसारखे फुगे येणारा पॉलिपॉइडल प्रकार. तो आशियाई लोकांत जास्त आढळतो. एव्हरेस्ट-२ चाचणीत वर्षअखेर जोडीच्या गटात ६९ टक्क्यांचे फुगे पूर्ण मिटले, नुसत्या इंजेक्शनवर ३५ टक्क्यांचे. इंजेक्शनंही साधारण सातऐवजी चार लागली. हे फुगे हिरव्या रंगद्रव्याच्या आयसीजी अँजिओग्राफीत नीट दिसतात. म्हणून लेसरची चौकशी करण्याआधी विचारा, "आयसीजी केली का? फुगे आहेत का?" व्हर्टेपोर्फिनचा कधी कधी तुटवडा पडतो, म्हणून ते मिळेल का हेही विचारा. त्यासाठी इंजेक्शनची तारीख मात्र पुढे ढकलू नका.

जाता जाता एक. डोळ्यांच्या दवाखान्यांत फाइलवर फिकट राखाडी, मुंगीएवढी अक्षरं छापायची अक्कल कुणाची, देव जाणे! पेशंटला दिसत नाही म्हणूनच तो आलाय ना?

घरी रोज एक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून आडव्या-उभ्या रेषांच्या चौकटींचा कागद पाहा. मग दुसरा डोळा. रेषा वाकली तर त्याच आठवड्यात दाखवा. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस डोळ्यापुढे काळे बुडबुडे तरंगले तर घाबरू नका. पण दुखणं वाढत गेलं, डोळा लाल झाला, नजर धुरकटली, तर जंतुसंसर्गाची शंका घ्या आणि सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी दवाखाना गाठा.