औषध न मिळालेली माणसं

[दृश्य: टेबलावर एक बंद पाकीट. वर रुग्णालयाचं नाव आणि एक क्रमांक, बाकी काही नाही.]

या पाकिटात एक कार्ड आहे आणि कार्डावर एक अक्षर. 'एस' निघालं तर औषध मिळणार. 'सी' निघालं तर खाटेवर पडून राहायचं, विश्रांती घ्यायची आणि वाट पाहायची.

साल १९४७, देश ब्रिटन. रोगी सगळे तरुण, पंधरा ते तीस वर्षांचे. दोन्ही फुप्फुसांत झपाट्यानं पसरणारा क्षय. तोपर्यंत या आजारावर विश्रांती, हवा आणि आशा एवढंच हाताशी होतं. अमेरिकेत १९४३ साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिननं पहिल्यांदाच काही वेगळं घडेल असं वाटायला लागलं होतं. पण युद्धानं पिचलेल्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते. जेवढं औषध विकत आणता आलं, ते थोड्याच लोकांना पुरणारं होतं. तेव्हा ते खरंच चालतं का, हे पाहणारा अभ्यास करायचं ठरलं.

मग द्यायचं कुणाला? डॉक्टरवर सोपवलं असतं तर त्यानं ज्याच्याकडे पाहून पोटात कालवलं त्याला दिलं असतं. किंवा जो वाचेल असं वाटलं त्याला. दोन्ही अगदी माणसासारखंच. पण तसं केलं असतं तर शेवटी औषधानं वाचवलं की निवडीनं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ या अभ्यासात होते. कोण कुठल्या गटात जाईल हे त्यांनी माणसाच्या हातातून काढून घेतलं आणि यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, अंकांच्या तक्त्यावर सोपवलं. तक्त्यावरून कार्डं भरली, पाकिटं बंद केली. रोगी अभ्यासात घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच पाकीट फोडायचं.

५५ जणांना 'एस' आलं, ५२ जणांना 'सी'.

[दृश्य: जुना एक्स-रे, मागून उजेड. फुप्फुसावर पांढरे ढग.]

सहा महिन्यांनी सगळ्यांचे एक्स-रे तिघांनी वेगवेगळे बसून तपासले. कुठली फिल्म कुठल्या गटातल्या रोग्याची आहे, हे तिघांपैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ जण तोवर गेले होते. न घेतलेल्या ५२ पैकी १४.

हे आकडे वाचताना नजर आपोआप त्या चारांवर जाते. औषध चाललं म्हणून आनंद होतो. पण चार हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. ५५ आजारी माणसांतली चार गेली, हे थोडं की फार? हे फक्त त्या चौदांमुळे कळतं. औषध न मिळालेल्या ५२ जणांनी औषधाची किंमत ठरवली. मला औषधांच्या चाचण्यांच्या, म्हणजे ट्रायल्सच्या, या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त त्यांच्याविषयी बोलायचं आहे, कारण त्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं.

[दृश्य: खिडकी, सकाळ. कुणीतरी अंथरुणात उठून बसतं.]

तुलनेसाठी दुसरा गट लागतोच कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. औषध द्यावं, माणूस बरा झाला का ते पाहावं, संपलं.

अडचण अशी की माणसं औषधाशिवायही बरी होतात. सर्दी आठवड्यात जाते. कंबरदुखी येते आणि ओसरते. आणि आपण डॉक्टरकडे जातो कधी? त्रास अगदी सहन होईनासा झाला की. म्हणजे दुखण्याच्या सगळ्यात वाईट दिवशी. त्याच्यापुढचा दिवस बहुतेक वेळा जरा बराच असणार, गोळी घेतली काय आणि न घेतली काय. पण लक्षात गोळी राहते. 'मला गुण आला' असं आपण म्हणतो, त्यात खोटं काहीच नसतं. गुण आलेलाच असतो. कशानं आला, एवढंच ठाऊक नसतं.

म्हणून बाजूला दुसरा गट हवा. सगळ्या बाबतीत सारखा, फक्त ते एक औषध वगळून.

१७४७ च्या मे महिन्यात 'सॅलिसबरी' नावाच्या जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरानं हे साध्या पद्धतीनं करून पाहिलं होतं. स्कर्व्हीनं हिरड्या सुजलेले, गुडघ्यांतला जोर गेलेले बारा खलाशी. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, एकच जेवण दिलं आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची वाइन, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला गंधकाम्लाचे थेंब, एकीला लसूण-मोहरीचं चाटण, आणि एका जोडीला संत्री-लिंबं. फळं सहा दिवसांत संपली. तोवर त्या दोघांपैकी एकजण जवळपास कामावर रुजू होण्याइतका ठीक झाला होता. लिंडनं हे १७५३ मध्ये छापलं. ब्रिटिश नौदलानं खलाशांना नियमानं लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. मधली बेचाळीस वर्षं किती जहाजं निघाली असतील, याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

[दृश्य: ईसीजीची रेघ. मधेच एखादा चुकार ठोका.]

आता एक अशी गोष्ट, जिच्यामुळे या विषयाकडे पाहायची माझी दृष्टी बदलली.

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या माणसांच्या हृदयाचे ठोके कधी कधी चुकतात. ज्यांचे असे जादा ठोके पडतात, त्यांच्यात अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं हे ठोके दाबतात, ईसीजीवर ते स्वच्छ दिसतं. मग ठोके दाबले तर मृत्यू टळेल, हे कुणालाही पटेल. डॉक्टरांनाही पटलं होतं आणि औषधं सर्रास दिली जात होती. अमेरिकेत याची मोठी ट्रायल घ्यायचं ठरलं, तेव्हा कित्येकांना ते अन्यायाचं वाटलं. इतकं उपयोगी औषध असताना निम्म्या लोकांना नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी द्यायची?

एप्रिल १९८९ मध्ये अभ्यासाचा हा भाग मधेच थांबवावा लागला. औषधं घेणाऱ्या ७५५ जणांपैकी, सरासरी दहा महिन्यांत, ६३ जण गेले होते. प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६.

ठोके दाबले गेले होते. ईसीजीची रेघ छान होती. आणि माणसं जास्त मरत होती.

ज्यांना 'बिचारे, यांना औषध मिळालं नाही' म्हणून हळहळ वाटली होती, तेच सुरक्षित होते. आणि ट्रायलच्या बाहेर, रोजच्या दवाखान्यांत, त्याच गोळ्या विश्वासानं लिहून देणाऱ्या एकाही डॉक्टरला हे कळलं नसतं. रोगी दगावला तर तो म्हणाला असता, हृदय आधीच कमकुवत होतं.

[दृश्य: दोन गोळ्या शेजारी शेजारी. रंग, आकार, मधली खाच, सगळं सारखं.]

यातली एक औषधाची आहे. दुसरीत औषध नाही. मुद्दाम इतकी हुबेहूब केलेली असते की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ओळखता येऊ नये. औषध कडू असेल तर ही पण कडू. यालाच डबल ब्लाइंड म्हणतात. हा रोग्यावरचा अविश्वास नाही. आपल्याला खरं औषध मिळतंय असं कळलं की दुखणंसुद्धा जरा कमी वाटतं, आणि डॉक्टरच्या प्रश्नाचा सूरही बदलतो: 'आता बरं वाटतंय ना?' त्या 'ना'मध्येच उत्तर आलेलं असतं.

प्लासिबोविषयी एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. आजारावर चांगला उपचार आधीच उपलब्ध असेल, तर तो काढून घेऊन कुणाला सहसा नुसती प्लासिबो देऊन ठेवत नाहीत. चालू उपचार दोन्ही गटांना मिळतो, त्यावर एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला प्लासिबो. किंवा थेट जुनं विरुद्ध नवं.

नव्या औषधाचे टप्पे शाळेच्या पुस्तकातही सापडतील: आधी थोड्या लोकांत सुरक्षितता आणि मात्रा, मग शे-दोनशे रोग्यांत गुण येतो का, मग शेकडो-हजारो रोग्यांत तुलना. त्यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण त्याहून मोठा प्रश्न पुढे आहे.

[दृश्य: काळी पार्श्वभूमी. फक्त आवाज.]

१९४७ च्या क्षयाच्या अभ्यासात 'सी' गटातल्या ५२ जणांना ते अभ्यासात आहेत हेच सांगितलं नव्हतं. रुग्णालयात असेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. त्या काळी यात कुणाला वावगं वाटलं नाही. आणि एक गोष्टही अभ्यास करणाऱ्यांच्या बाजूनं नोंदवायला हवी: 'एस' गटाला रोज चार वेळा, चार महिने सुया टोचल्या जात होत्या. 'सी' गटालाही पाण्याच्या सुया टोचाव्यात, म्हणजे तुलना अधिक नेटकी होईल, असं करता आलं असतं. ते केलं नाही. नेटकेपणासाठी माणसाला इतकं टोचायचं नाही, असं ठरवलं.

दुसरीकडे मात्र काहीही आडवं आलं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा 'अभ्यास' सुरू केला. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा रूढ उपचार झाला होता. तरी त्यांना तो दिला नाही. रोग शेवटपर्यंत कसा जातो, ते पाहायचं होतं. हे १९७२ पर्यंत चाललं, वर्तमानपत्रात बातमी येईपर्यंत. देशाच्या अध्यक्षांनी माफी मागितली १९९७ साली.

हीसुद्धा औषध न मिळालेली माणसंच. पण इथे चिठ्ठी नव्हती, खरी अनिश्चितता नव्हती. औषध आहे हे देणाऱ्याला ठाऊक होतं. डॉक्टरला प्रामाणिकपणे माहीत नसलं पाहिजे की दोन्हींतलं चांगलं कुठलं, तरच चिठ्ठी टाकण्याचा अधिकार त्याला पोचतो. ठाऊक असताना टाकली तर तो गुन्हा आहे, त्याला संशोधन म्हणू नये.

[दृश्य: एक हात पानं उलटतो. प्रत्येक पानाखाली सहीची जागा.]

नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांची नियमावली, आली. १९६४ मध्ये त्याच विषयावरचा हेलसिंकी जाहीरनामा आला. त्यांतून उतरत उतरत हा कागद आपल्या समोर येतो: संमतीपत्र. कित्येकदा पंधरा-वीस पानांचं. कशाची चाचणी आहे, त्रास काय होऊ शकतो, दुसरे उपचार कुठले, रक्त किती वेळा घेणार, इजा झाली तर जबाबदारी कुणाची. आणि एक ओळ, जी मला वाटतं सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापायला हवी: तुम्ही केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमच्या उपचारांत फरक पडणार नाही.

सही करण्याआधी कागद घरी घेऊन जा. घरातल्या कुणालातरी मोठ्यानं वाचायला सांगा. जिथं वाचणारा अडखळेल, तिथं खूण करा आणि तो प्रश्न विचारा. एथिक्स कमिटीनं, म्हणजे चाचणी माणसांवर करणं योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीनं, मंजुरी दिली आहे का, चाचणीची नोंदणी झाली आहे का, हेही विचारा. नोंदणीचा प्रश्न वाटतो तेवढा कागदी नाही. २००५ पासून मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी अट घातली की रुग्ण घ्यायला सुरुवात होण्याआधी चाचणी सार्वजनिक नोंदवहीत लिहिलेली हवी. कारण निकाल मनासारखा आला नाही की चाचण्या गुपचूप फडताळात जायच्या. माणसांनी सुया टोचून घेतलेल्या असायच्या, आणि त्यातून काय कळलं ते कुणालाच कळायचं नाही. माझ्या मते संमती घेऊन निकाल दडवणं हा विश्वासघात आहे, याला दुसरा सौम्य शब्द नाही.

[दृश्य: अतिदक्षता विभाग. व्हेंटिलेटरचा लयबद्ध आवाज.]

मार्च २०२०. कोविडवर काय चालतं, कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यांना सगळं देऊन पाहायचा मोह होता. ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' नावाची ट्रायल सुरू झाली. पाकिटं नव्हती आता, संगणकाच्या पडद्यावर काही माहिती भरायची आणि गट समोर यायचा. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड २,१०४ रोग्यांना दिलं गेलं. ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार मिळाले, हे औषध नाही.

जूनमध्ये निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांत २८ दिवसांत औषधाच्या गटातले २९ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले ४१ टक्के. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे कुणाला द्यायचं आणि कुणाला द्यायचं नाही, दोन्ही कळलं. जाहीर झालं त्याच दिवसापासून ब्रिटनमध्ये, आणि मग जगभरच्या वॉर्डांत हे औषध दिलं जाऊ लागलं.

[दृश्य: पुन्हा टेबल. एक पाकीट, यावर टपालाचं तिकीट.]

चाचणी संपते. डेटा कुलूपबंद होतो, मग कुणाला काय दिलं त्याची यादी उघडतात. चांगल्या ठिकाणी भाग घेतलेल्यांना साध्या भाषेत पत्र जातं. सगळीकडे जात नाही, आणि ते जायलाच हवं. पत्रात अभ्यासातून काय कळलं ते असतं, आभार असतात, आणि मध्ये कुठेतरी एक ओळ: 'तुम्ही प्लासिबो गटात होता.'

बाई पत्र वाचते. दोन वर्षं रोज सकाळी घेतलेल्या गोळ्या, वहीत लिहिलेल्या तारखा, उरलेल्या गोळ्या मोजायला परत नेलेल्या बाटल्या. ती ओळ पुन्हा वाचते. मग फोन उचलते आणि नर्सला विचारते, "आता खरं औषध मला कधीपासून मिळेल?"

[पडदा काळा होतो. फोनवर नर्सचा आवाज: "थांबा, तुमची फाइल काढते."]