केळीभावाच्या ग्रुपवरचं राजकारण

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, माझं गाव चोपडा तालुक्यातलं. आमच्या गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला तो केळीच्या भावासाठी. सकाळी बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव यायचा. नवतीला म्हणजे नव्या लागवडीच्या केळीला किती, पिलबागेला म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या केळीला किती, गाडी कधी भरायची, कापणीला माणसं मिळतील का, एवढंच बोलणं. पण एखाद्या पुढाऱ्याची जीभ घसरली की त्या दिवशी भावाच्या आधी क्लिप येते. ज्याच्या बागेत करपा पडलाय तोही हसण्याची इमोजी टाकतो.

डिसेंबर २०२१ तुम्हाला आठवत असेल. बोदवड नगरपंचायतीचा प्रचार चालू होता. गुलाबराव पाटील तेव्हा पाणीपुरवठा मंत्री. आपल्या मतदारसंघातल्या रस्त्यांना त्यांनी भर सभेत हेमामालिनीच्या गालांची उपमा दिली. राज्य महिला आयोगानं हरकत घेतली, त्यांनी माफी मागितली. टीव्हीवर विषय संपला. आमच्या ग्रुपवर मात्र आठवडाभर जो तो आपापल्या बांधावरच्या रस्त्याचा फोटो टाकत होता. एका फोटोत ट्रॉलीचं चाक अर्धं चिखलात आणि वर केळीचे घड तिरपे झालेले. खाली लिहिलेलं: ‘हा गाल कोणाचा?’ मी खूप हसलो, खोटं कशाला बोलू. बाईमाणसाला असं रस्त्यात ओढणं बरं नव्हे, असं एका मुलीनं लिहिलं. तिला दोन-तीन अंगठे मिळाले आणि गाडी पुन्हा खड्ड्यांवर गेली.

त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरातला तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन यांचा बोटीतून हसत हात हलवतानाचा व्हिडिओ फिरला होता. अर्धा ग्रुप तेव्हा चिडला. उरलेला अर्धा म्हणत होता, अरे, माणूस निदान पाण्यात उतरला तरी.

आता गंमत बघा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. आपल्या जळगाव जिल्ह्यातले सेनेचे चारही आमदार शिंदेंकडे गेले, त्यात आमच्या चोपड्याच्याही आल्या. एवढी मोठी घडामोड, पण ग्रुपवर सामसूम. दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, “आमले कोनी इचारं?” त्यावर दोघांची अशी जुंपली की अॅडमिननं लिहिलं, ‘ग्रुप फक्त केळीभावासाठी आहे. राजकारण नको.’ क्लिपांना मात्र त्यानं कधी राजकारण म्हटलं नव्हतं!

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. घसरलेल्या जिभेवर हसायला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. पक्ष कोणाचा, नेता कोण, हे बोलायचं म्हटलं की समोर चुलतभाऊ असतो, सोसायटीचा संचालक असतो, ज्याच्या गाडीत उद्या आपला माल जायचा तो व्यापारी असतो. त्यात आपल्याकडे पुढाऱ्यांना नावानं हाक मारतच नाहीत. एकनाथ खडसे म्हणजे नाथाभाऊ, मग गिरीशभाऊ, गुलाबभाऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये नाथाभाऊ भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले, तेव्हा लोक त्यावर एखाद्या घरातल्या वाटणीसारखं बोलत होते, दार लावून. भाऊबंदकीवर चारचौघांत कोण बोलतं?

आणि बोलून तरी मतदाराच्या हातात काय आहे? पक्ष फुटला की त्याचं नाव आणि चिन्ह कोणाचं, हे निवडणूक आयोग ठरवतो, १९६८ च्या चिन्ह आदेशातल्या पंधराव्या परिच्छेदानुसार. १७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण शिंदेंकडे गेला, ६ फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ अजित पवारांकडे. दोन्ही वेळा आयोगानं मोजली ती मुख्यतः आमदार-खासदारांची डोकी. त्या आमदारांना निवडून देणारा माणूस त्या मोजणीत कुठेच नाही. ज्या गोष्टीत आपल्याला कोणी विचारत नाही, तिच्यावर माणूस किती दिवस बोलणार? मग उरते क्लिप.

आपल्या खानदेशानं याच्या उलटही पाहिलंय. डिसेंबर १९३६, फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. फजिती तिथेही झाली. झेंडा वर चढवताना मध्येच अडकला आणि एक तरुण त्या उंच खांबावर चढून तो सोडवून आला, ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगतात. आज झाली असती तर दहा सेकंदांची क्लिप आणि वर गाणं. पण त्याच अध्यक्षपदासाठी सरदार पटेलांचंही नाव होतं. त्यांनी माघार घेतली आणि नेहरूंची सगळी मतं मला मान्य आहेत असं समजू नका, हे जाहीरपणे सांगून टाकलं. नेता कोण असावा आणि त्याच्याशी आपलं कुठे पटत नाही, हे पक्षातलाच मोठा माणूस उघड बोलत होता. आता तसं कोणी बोललं की दुसऱ्या दिवशी ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ हे ठरलेलं.

क्लिपा पाहू नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः पाहतो आणि पुढे ढकलतोही. माझी बायको म्हणते, तुम्ही केळीपेक्षा भाऊंवर जास्त लक्ष ठेवता.

परवा पुन्हा अशीच एक क्लिप आली. कोणाची, ते राहू द्या. साठ-सत्तर मेसेज झाले असतील. आमच्या ग्रुपवर एक आबा आहेत. त्यांना टाइप करता येत नाही, ते बोलून पाठवतात. मागे मोटरीचा आवाज, मध्ये एकदा खोकला, आणि मग आबा म्हणाले, “भाऊनी काय म्हनं ते ऱ्हाऊ द्या. आपला शिवरस्तावर खडी कव्हय पडी, ते इचारा कोनी.”

त्यावर कोणीच काही लिहिलं नाही. थोड्या वेळानं बऱ्हाणपूरचा भाव आला.