उंदरिणीचं बाळंतपण

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ओळख करून देताना आत्ता मला 'उंदीरवाले सर' म्हटलं गेलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना वाघ-हत्तीही शिकवले, पण नाव पडलं ते उंदरावरून. चालायचंच.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. मी सातवीत होतो. त्या साली कापसाला भाव नव्हता, म्हणून वडिलांनी निम्मा कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवला. आता भाव येईल, मग भाव येईल, असं करता करता चैत्र लागला. घरात कापूस राहिला की अंगाला कशी खाज सुटते ते इथे कुणाला सांगायला नको. एका दुपारी ढीग उपसताना आत वाटीएवढा खळगा निघाला. त्यात नऊ गुलाबी पिलं, डोळे मिटलेली, एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी. आणि आई? ती चार हात लांब, रांजणाच्या बुडाशी ओल्या भुईवर पोट टेकून पसरलेली. आम्हाला पाहताच पळाली. आजी म्हणाली, "पाय कशी माय हाये! लेकरं तिकडं टाकली अन् आपण इकडं थंडाव्यात लोळून राह्यली."

आजीचा हा निकाल मी बरीच वर्षं खरा धरला. आज त्याच्यावर अपील करायला उभा आहे.

आधी पिलांची बाजू. गंजातलं वरण तासभर गरम राहतं, तेच वाटीत घेतलं की दोन घासांत निवतं. जीव जितका लहान, तितकं त्याच्या वजनाच्या मानाने अंगाचं उघडं क्षेत्र जास्त आणि ऊब तितकी लवकर निघून जाते. नुकतं जन्मलेलं उंदराचं पिलू सव्वा ग्रॅमच्या आसपास असतं. अंगावर केस नाहीत, कातडीखाली चरबी नाही. एकटं ठेवलं तर काही मिनिटांत ते भोवतालच्या हवेइतकं गार होतं. म्हणून निसर्गाने त्याला तीन सोयी दिल्या आहेत. पहिली कापसाचं घरटं. आमच्या घरच्या उंदरिणीला तर तिथे गादी आणि सरकीचं जेवण एकाच ठिकाणी मिळालं होतं, बाळंतपणाला माहेरीच आली म्हणा! दुसरी सोय खांद्यांच्या मधोमध असलेली तपकिरी चरबी. ही चरबी साठवायची नसते, जाळून थेट उष्णता करायची असते. कोन्राड गेस्नर या स्विस निसर्ग-अभ्यासकाने १५५१ सालीच तिचं वर्णन करून ठेवलं होतं, पण ती कशासाठी आहे हे कळायला पुढे चारशे वर्षं लागली. आपल्या तान्ह्या बाळांतही ती असते.

तिसरी सोय मला सगळ्यात आवडते: तो ढीग. बघणाऱ्याला वाटतं, पिलं निपचित पडली आहेत. तसं नसतं. जेफ्री अल्बर्ट्स यांनी १९७८ साली मोठ्या जातीच्या उंदराच्या (इंग्रजीत 'रॅट') पिलांवर दाखवलं की गारवा असला की वरचं पिलू आत घुसतं आणि आतलं वर ढकललं जातं. ऊन वाढलं की हीच हालचाल उलटी होते, आतली पिलं वर येतात, ढीग पसरतो. डोळे उघडलेले नाहीत, कुणी शिकवलेलं नाही. पौषात आपण शेकोटीभोवती बसतो तेव्हा पाठ गार पडली की फिरून बसतो ना, तसंच हे. फरक इतकाच की इथे शेकोटीही तीच आणि शेकणारीही तीच. एखादं पिलू घरट्याबाहेर पडून गारठलं तर ते ओरडतं, पण आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या चढ्या आवाजात. आई मात्र ऐकते आणि तोंडात धरून आणते.

म्हणजे पिलांना ऊब हवी. आता आईकडे या. इथेच आजीचा निकाल फिरतो.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत होती, वैशाखातसुद्धा. माझ्या मोठ्या बहिणीचं बाळंतपण मे महिन्यातलं. ती घामाने भिजलेली आणि खाली गोवऱ्यांचा निखारा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उंदरिणीला बाहेरची शेगडी लागतच नाही, तीच शेगडी असते. कशी ते ऐका. प्रयोगशाळेतली उंदरीण एरवी दिवसाला चार-पाच ग्रॅम खाते. पिलं दहा-बारा दिवसांची होऊन दूध ऐन भरात आलं की तीच उंदरीण दिवसाला वीस ग्रॅमच्या पुढे खाते. स्वतःचं वजन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या बाईने रोज तीस किलो जेवायचं! डिंकाचे लाडू कुठवर पुरणार? तोवर सगळ्या पिलांचं मिळून वजन आईच्या वजनाला मागे टाकतं आणि तरी पिलं पितात दूधच. तिचं आतडं वाढतं, यकृत वाढतं. स्वतःची तपकिरी चरबी ती विझवून टाकते. घरात एवढी भट्टी पेटलेली असताना वेगळा जाळ करायचा कशाला? अन्न पचवायचं, त्याचं दूध करायचं, या प्रत्येक पायरीवर उष्णता सुटते. साखर कारखान्यात नुसती साखर निघत नाही, वाफही निघते.

मग प्रश्न असा आला, की ती याहून जास्त का खात नाही? पिलं वाढवून दिली तरी तिचं खाणं एका टप्प्यावर अडतं. आधी वाटायचं, आतडं पुरत नसेल. म्हणून किम्बर्ली हॅमंड आणि जॅरेड डायमंड यांनी अंगावर पाजणाऱ्या उंदरिणी थंडीत ठेवून पाहिल्या, तर त्या आणखी खाऊ लागल्या. म्हणजे आतड्यात जागा होती. मग वाटलं, स्तनांचीच क्षमता तेवढी असेल.

स्कॉटलंडमध्ये अबर्डीनला एल्झबिएता क्रूल आणि जॉन स्पीकमन यांनी २००३ साली वेगळाच मुद्दा मांडला. त्यांच्याकडे २१ अंशात उंदरिणी दिवसाला साधारण २३ ग्रॅम खात होत्या. ३० अंशात ठेवल्या तेव्हा खाणं १२ ग्रॅमवर आलं, दूध घटलं, पिलं बारीक राहिली. ८ अंशात खाणंही वाढलं आणि दूधही वाढलं. अन्न समोर भरपूर होतं. अडत होतं ते उष्णता बाहेर टाकण्यात. त्यांचं म्हणणं असं, की चूल जास्त पेटवता येते, पण धुराडं तेवढंच आहे. आणखी पेटवली तर स्वयंपाकीणच भाजेल.

पुढचा प्रयोग ऐकून माझे विद्यार्थी हसायचे. २००७ साली याच लोकांनी पाजणाऱ्या उंदरिणींच्या पाठीचे केस भादरले. कोट काढला म्हणा ना. त्या १२ टक्के जास्त जेवल्या, दूध सुमारे १५ टक्के वाढलं आणि पिलंही तितकीच जड झाली. हजामत केल्याने दूध वाढतं हे वाचून मला आमच्या गावच्या न्हाव्याची आठवण झाली.

पण एका गोष्टीवर लगेच विश्वास टाकू नये म्हणून हेही सांगतो. चीनमध्ये दुसऱ्या वाणाच्या उंदरांवर असाच प्रयोग झाला. भादरलेल्या उंदरिणी जास्त जेवल्या, पण पिलांचं वजन वाढलं नाही. त्यामुळे सगळ्या जातींना एकच नियम लावता येईल असं मी म्हणणार नाही. मला मात्र मूळ कल्पना पटते आणि ती पटण्याचं कारण पुस्तकात नाही, आपल्या कोठ्यात आहे. आपली नागपुरी म्हैस घ्या. काळी कातडी, घाम बेताचा. मे महिन्यात ढेप तेवढीच दिली, हिरवा चारा जमवला, तरी दूध आटतं आणि ती ढेपेला तोंडही नीट लावत नाही. गवळी काय करतो? तिला डबक्यात सोडतो, नाहीतर अंगावर पाणी मारतो. त्याने क्रूल-स्पीकमन वाचलेले नसतात.

आता रांजणाकडे परत चला. मायकेल लिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच एक साधा प्रश्न विचारला होता: प्रयोगशाळेतली पांढरी उंदरीण (हीही मोठ्या जातीची, 'रॅट') पिलांपाशी किती वेळ बसायचं हे कशावरून ठरवते? ती पोट भरेपर्यंत पाजून उठत असेल असं कुणालाही वाटेल. निघालं असं, की ती पिलांवर बसली की तिचं स्वतःचं अंग तापत जातं आणि एका टप्प्याला ती उठून बाहेर पडते. भोवताल उबदार असेल तर लवकर उठते, पिलं गार असतील तर जास्त वेळ बसते. तिला घाम येत नाही. धापा टाकून गारवा मिळवायची कुत्र्यासारखी सोय नाही. आहे ती केस नसलेली शेपटी, जिच्यातून रक्ताची ऊब बाहेर टाकता येते, आणि फारच झालं तर अंगाला लाळ फासायची. आणि आहे ओली भुई.

म्हणजे आमच्या घरी रांजणापाशी पसरलेली ती बाई आळशी नव्हती. ती पुढच्या पाळीच्या दुधासाठी अंग निववत होती. चैत्रातली दुपार, वर कौलं तापलेली, खाली कापसाची गादी आणि गादीत नऊ निखारे. आणखी पाच मिनिटं बसली असती तर तिचंच काही खरं नव्हतं.

सगळ्यांनी हाच मार्ग धरलाय असं नाही. आपल्या तुरीच्या वावरातला ससा बीळ करतच नाही. त्याची पिलं डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच येतात, गोधडी पोटातूनच आणतात. युरोपातल्या सशांचा अभ्यास झाला आहे, तिथे आई दिवसातून एकदा, सूर्य बुडाल्यावर येते, काही मिनिटं पाजते आणि जाते. दूध इतकं दाट की तेवढ्यावर दिवस निघतो. चिचुंद्रीचं गणित आणखी तंग. ती उंदीर नव्हेच, किडे खाणारी. पिलं जरा मोठी झाली की एकमेकांच्या बुडाशी तोंड धरून रांग करतात आणि आईमागे आगगाडीसारखी जातात. हे ज्यांनी पाहिलं असेल ते भाग्यवान. मी आयुष्यात दोनदाच पाहिलं.

शेवटी प्रश्न घेतले. मागच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "सर, एवढं खाते म्हणता, मग आमच्या घरातलं किती जाते?" मी सांगितलं, प्रयोगशाळेतली उंदरीण आपल्या घरातलीच्या दुप्पट तरी असते, तेव्हा हिशेब निम्मा करा. ऐन दुधाच्या दहा दिवसांत एकीमागे फार तर अर्धा पाव. पण बाळंत झाल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते, हे त्या हिशेबात धरा. खाण्यापेक्षा नासवतात जास्त, तेही धरा. ते म्हणाले, "म्हंजे दया नको."

मी म्हटलं, दया करा असं मी कुठे म्हटलं? नुसतं अपील होतं.

पुढे बसलेल्या एक आजीबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमची मांजर बी असंच करते. पिल्लं कोठ्यात कुटारावर बोंबलून राह्यतात अन् हे येऊन माठाच्या तिवईखाली पसरते. मी तिले रोज झाडूनं हाकलत होती."