एक शहर, चार काउंट्या

नमस्कार मंडळी! आज विषय हद्दीचा, आणि शहर लांबचं, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं ब्रूमफील्ड. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा.

१९६१ साली ब्रूमफील्डची नगरपालिका झाली तेव्हा ते बोल्डर काउंटीत होतं. मग वस्ती वाढली, शेजारची जमीन हद्दीत घेत गेले, पण काउंटीची रेघ काही हलेना, त्यामुळे शहर एक आणि काउंट्या चार, बोल्डर, अ‍ॅडम्स, जेफरसन, वेल्ड. आता घराचा टॅक्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, कोर्ट, ही सगळी काउंटीची कामं, म्हणजे आपापल्या काउंटीच्या मुख्यालयाच्या गावी, एकाला बोल्डरला जायचं, दुसऱ्याला गोल्डनला, तिसऱ्याला ब्रायटनला आणि चौथ्याला पार ग्रीलीला. विचार करा, एकाच शहरातले लोक हे!

लोक म्हणाले, आमची काउंटीच वेगळी करा. त्यासाठी राज्यघटना बदलावी लागणार होती, आणि तिथे त्याला अख्ख्या राज्याचं मत लागतं. म्हणजे ज्यांनी ब्रूमफील्ड कधी बघितलंही नसेल त्यांनीपण नोव्हेंबर १९९८ ला मत दिलं. ठराव पास झाला, पण काउंटी लगेच नाही झाली बरं का, झाली १५ नोव्हेंबर २००१ ला. मधली तीन वर्षं तयारीला. राज्यातली ही ६४वी काउंटी, त्याआधीची अलामोसा, तीही १९१३ ची.

आपल्याकडे मतदान वगैरे नाही. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्याखाली सरकार मसुदा काढतं, हरकती-सूचना मागवतं आणि राजपत्रात अधिसूचना आली की जिल्हा झाला. पालघर तसाच झाला, १ ऑगस्ट २०१४. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाणं गाठायला लागायचं ते सुटलं, हे चांगलंच झालं, पण मुख्यालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन २०२१ ला. आधी जिल्हा, मग ऑफिस! मला विचाराल तर अख्ख्या राज्याला मत विचारायची काही गरज नाही, पण ती आधीची तीन वर्षं मात्र आपण घ्यायला हवी होती.

आणि तिकडेही सगळं जुळलं असं समजू नका. कोर्टाच्या बाबतीत ब्रूमफील्ड अजून अ‍ॅडम्सबरोबर एकाच न्यायिक जिल्ह्यात आहे, आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारे विभाग, तर वेगळेच, ते काउंटीच्या रेघेला विचारतच नाहीत, त्यामुळे काउंटी एक झाली तरी पोरं अजूनही वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टच्या शाळांत जातात.